साखरेचे कवच
काळ्या आजाराचा परजीवी आपल्या पेशींत कसा शिरतो



बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश या भागांतून कामासाठी आलेली पुष्कळ माणसे आज गोव्यात, बेळगावात, बडोद्यात आणि हैदराबादेत आपल्या शेजारी राहतात. कुणी इमारतीच्या कामावर आहे, कुणी वीटभट्टीवर, तर कुणी आपल्याच शेतात किंवा गोठ्यात राबतो आहे. अशा एखाद्या माणसाला महिनाभर ताप येत राहिला की प्रथम हिवतापाच्या गोळ्या होतात, मग विषमज्वराचे औषध होते, आणि शेवटी क्षयाची शंका घेतली जाते. या यादीत आणखी एक नाव असावयास हवे. ते नाव म्हणजे काळा आजार. आपल्या भागात हा रोग सहसा होत नाही, म्हणून तो चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि ध्यानात न आल्यामुळेच रोग्याचा जीव जाऊ शकतो.

या रोगाची एक गोष्ट मोठी नवलाची आहे. आपल्या शरीरात जंतूंना गिळून त्यांचा फडशा पाडणाऱ्या पेशी असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. काळ्या आजाराचा परजीवी नेमका याच पेशींत घर करून राहतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार आहे. हे त्याला साधते कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्याच्या अंगावरील साखरेत दडलेला आहे. तो आज समजून घेऊ.

रोग आणि त्याचा शोध

काळ्या आजारात ताप दोन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळतो. रोगी वाळत जातो, रक्त कमी होते, आणि डाव्या बरगडीखाली पानथरी फुगून हाताला लागते. काही रोग्यांची कातडी काळवंडते, त्यावरून रोगास हे नाव पडले. औषध न मिळाल्यास शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रोगी दगावतात.

कलकत्त्याजवळील डमडम येथे राहून आलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत विल्यम लीशमन यांना बारीक गोल कण दिसले होते. त्याविषयी त्यांनी १९०३ साली लिहिले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनी तसेच कण रोग्यांच्या पानथरीत पाहिले. या दोघांच्या नावांवरून परजीवीला ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ म्हणतात. पुढे १९२२ च्या सुमारास कलकत्त्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन हे औषध पुढे आणले आणि असंख्य लोकांचे प्राण वाचले.

हा परजीवी एका माणसातून दुसऱ्या माणसात वाळूमाशी नेते. ही माशी डासापेक्षाही लहान, दोन ते तीन मिलिमीटरची, अंगावर केस असलेली आणि बसताना पंख वर उभे धरणारी असते. तिचा आवाज येत नाही. तीच रोग पसरवते ही शंका फार पूर्वीची होती, परंतु पुरावा मिळत नव्हता, कारण प्रयोगशाळेत माश्यांच्या पोटात परजीवी नीट वाढत नसे. मग असे दिसून आले की रक्त पाजल्यानंतर माश्यांना बेदाणे चोखावयास दिले तर परजीवी जोमाने वाढतात. या युक्तीच्या आधारे स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली आसामात स्वयंसेवकांना माश्या चावू देऊन ही गोष्ट सिद्ध केली. माशीला तिच्या नित्याच्या आहारातला गोड रस मिळावा लागतो, एवढेच त्यावरून कळले. परजीवीच्या स्वतःच्या अंगावरील साखर ही बाब वेगळी, आणि ती उमगावयास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

साखर म्हणजे केवळ गोड पदार्थ नव्हे

साखर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चहा आणि लाडू येतात. रसायनशास्त्रात मात्र साखरेचे अनेक प्रकार आहेत: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, अरॅबिनोज इत्यादी. माळेत मणी ओवावेत तसे यांचे कण एकमेकांस जोडले जातात आणि त्यांच्या साखळ्या बनतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर अशा साखळ्या उभ्या असतात. एक पेशी दुसरीला ओळखते ती बहुतांशी त्यांवरून.

आपले रक्तगट हे याचे रोजच्या व्यवहारातील उदाहरण होय. ए आणि बी या गटांत फरक आहे तो तांबड्या पेशींवरील साखळीच्या टोकाशी असलेल्या एका साखरेचा. बी गटात तेथे गॅलॅक्टोज असते. ए गटात त्याच्याच जवळची दुसरी एक साखर असते. एवढ्या फरकाने चुकीचे रक्त चढवलेला रोगी दगावू शकतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे काही लोक शोधून काढले, की ज्यांच्या पेशींवर ही साखर बसवण्यासाठी लागणारा खालचा मणीच नव्हता. त्या गटास जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. सांगायचा मुद्दा असा, की साखळीच्या टोकाला कोणता मणी आहे यावर जीवन-मरणाची गोष्ट ठरू शकते. परजीवीच्या बाबतीतही नेमके हेच आहे.

परजीवीचा अंगरखा

माशीच्या पोटातील लीशमॅनिया लांबट असतो आणि त्याला पोहण्यासाठी शेपटीसारखा एक धागा असतो. त्याच्या सर्व अंगावर साखरेच्या साखळ्यांचे दाट आवरण असते. एका परजीवीवर अशा काही दशलक्ष साखळ्या असतात. या पदार्थाचे नाव आहे लायपोफॉस्फोग्लायकन. नाव अवघड आहे, पण फोड केली की सोपे होते. ‘लायपो’ म्हणजे चरबी, ‘फॉस्फो’ म्हणजे आपण शेतात खत म्हणून घालतो त्या स्फुरदाचा अंश, आणि ‘ग्लायकन’ म्हणजे साखरेची साखळी. चरबीचा भाग खुंटीप्रमाणे परजीवीच्या पडद्यात रोवलेला असतो. त्यावर लांब माळ उभी असते. त्या माळेत गॅलॅक्टोज, मॅनोज आणि स्फुरद हा एकच घटक पुनःपुन्हा येतो. अमेरिकेतील साल्व्हातोर तुर्को व इतरांनी १९८० च्या दशकात ही रचना उलगडली.

भुईमुगाने दाखवलेली खूण

माशीने रोग्याचे रक्त प्यायले की परजीवी तिच्या पोटात जातो. तेथे तो वाढतो, परंतु त्याच्यापुढे एक अडचण असते. दोन-चार दिवसांत रक्त पचते आणि उरलेला भाग विष्ठेवाटे बाहेर पडतो. परजीवीने कशास तरी धरून ठेवले नाही तर तोही बाहेर फेकला जाईल. म्हणून तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो, आणि चिकटण्यासाठी त्याच्या अंगावरील साखरच उपयोगी पडते.

ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे दिसली ती याच कुळातील ‘लीशमॅनिया मेजर’ या जातीत. ही जात पश्चिम आशियात व आफ्रिकेत कातडीवर व्रण आणते. तिच्या माळेला बाजूने गॅलॅक्टोजचे फाटे असतात. ती वाहणाऱ्या माशीच्या आतड्यात गॅलॅक्टोज पकडणारे एक प्रथिन असते, हे २००४ साली सिद्ध झाले. कुलपात किल्ली बसावी तसे हे दोन्ही एकमेकांत बसतात.

परंतु सतत चिकटून राहिले तर परजीवी माणसापर्यंत पोचणार कसा? म्हणून काही दिवसांनी तो आपला अंगरखा बदलतो. माळेची लांबी जवळजवळ दुप्पट होते, आणि गॅलॅक्टोजच्या फाट्यांच्या टोकांवर अरॅबिनोज या दुसऱ्या साखरेची टोपी चढते. गॅलॅक्टोज झाकले गेले की पकड सुटते. मग परजीवी माशीच्या तोंडाकडे सरकतो. माणसाला रोग देण्याची शक्ती त्याला याच अवस्थेत येते.

कच्चे आणि तयार परजीवी नुसते पाहून वेगळे करणे सोपे नव्हते. त्यांना वेगळे कसे करावे, हा शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता. त्याचे उत्तर भुईमुगाने दिले. शेंगदाण्यात एक प्रथिन असते, ते गॅलॅक्टोजला धरते. १९८० च्या दशकात डेव्हिड सॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते परजीवींच्या पाण्यात मिसळले. कच्च्या परजीवींचे गॅलॅक्टोज उघडे होते, त्यामुळे त्यांच्या गुठळ्या झाल्या. तयार परजीवींच्या अंगावर टोपी होती, ते मोकळे पोहत राहिले. सुपात घोळून दाणे आणि फोलपट वेगळे करावे तसे हे झाले. मोकळे राहिलेले परजीवीच रोग देण्यात तरबेज निघाले.

भारतातील काळ्या आजाराच्या परजीवीत साखरेचा तपशील निराळा आहे. त्याच्या माळेला असे गॅलॅक्टोजचे फाटे नाहीत. तथापि तत्त्व तेच आहे: वय झाले की माळ लांबते, तिच्यावरील साखरेची मांडणी बदलते आणि पकड सुटते.

तोंडाशी पोचल्यावर परजीवी आणखी एक काम करतात. त्याच प्रकारची साखर असलेला एक चिकट गर ते सोडतात आणि माशीचा घसा त्याने तुंबतो. घसा तुंबलेल्या माशीला नीट रक्त ओढता येत नाही. ती पुनःपुन्हा चावते, आणि चावताना तो गर व परजीवी आपल्या कातडीत ओकते.

माणसाच्या शरीरात

कातडीत उतरताच परजीवीची गाठ आपल्या रक्तातील संरक्षक प्रथिनांशी पडते. त्यांना पूरक प्रथिने म्हणतात. ती परक्या जंतूच्या अंगावर गोळा होतात आणि शेवटी त्याच्या पडद्याला भोक पाडतात. कच्चा परजीवी याने मरतो. तयार परजीवीच्या अंगावर मात्र लांब माळांचे रान असते. ही प्रथिने त्या रानाच्या शेंड्यांवर जमतात, खालच्या पडद्यापर्यंत पोचत नाहीत, आणि गळून पडतात. उंच उसाच्या फडावर टाकलेले जाळे जमिनीला लागत नाही, तसे हे होय.

येथवर झाला तो बचाव. यापुढची गोष्ट अधिक चतुराईची आहे. अंगावर चिकटून राहिलेल्या काही पूरक प्रथिनांचा परजीवी स्वतःच उपयोग करून घेतो. आपल्या भक्षक पेशींवर ही प्रथिने ओळखणारे हात असतात. साखळीच्या टोकावरचे मॅनोज ओळखणारे हातही असतात. पेशी या खुणांवरून परजीवीला धरते आणि गिळते. म्हणजे परजीवी दार फोडून आत जात नाही. त्याला आत घेतले जाते. आणि या दारातून आत घेतलेल्या पाहुण्यावर पेशी आपले जहाल रासायनिक अस्त्र पुरत्या जोराने सोडत नाही.

आत गेल्यावर परजीवी एका पिशवीत असतो. नेहमीच्या क्रमाने त्या पिशवीला पाचक रसाच्या पिशव्या येऊन मिळतात आणि आतला जंतू विरघळतो. साखरेचा अंगरखा येथेही आडवा येतो. त्यातील साखळ्या पिशवीच्या पडद्यात शिरतात आणि पाचक पिशव्यांचे मिळणे काही काळ लांबवतात. कॅनडातील संशोधकांनी १९९७ साली हे दाखवून दिले; ज्या परजीवींना ही साखर बनवता येत नव्हती, त्यांच्या पिशव्यांना पाचक पिशव्या लवकर येऊन मिळाल्या.

मिळालेला हा अवधी परजीवी वाया घालवत नाही. तो शेपटी टाकून देतो, गोल होतो, आणि आम्लात जगण्यास योग्य असे रूप घेतो. लीशमन आणि डोनोव्हन यांनी पाहिलेले कण ते हेच. आता पाचक रस आला तरी त्याला भीती नसते. गंमत अशी, की या रूपात तो लांब साखळ्यांचा अंगरखा जवळजवळ सगळा उतरवून ठेवतो, कारण त्याचे काम झालेले असते. मग तो आत वाढतो, पेशी फुटते, नव्या पेशी बाधित होतात, आणि रोग पानथरी, यकृत व हाडांतील मगज येथवर पसरतो.

कवच म्हणजे सर्व काही नव्हे

एवढे वाचून असे वाटेल की साखर काढून घेतली की रोग संपला. शास्त्रज्ञांनी तेही करून पाहिले. २००० साली ‘लीशमॅनिया मेजर’मधील हा अंगरखा बनवणारे एक जनुक काढण्यात आले. असे उघडे परजीवी मोठ्या संख्येने मेले आणि उंदरांत रोग उशिरा आला. परंतु जे थोडे वाचले त्यांनी शेवटी व्रण आणलेच. त्याच वर्षी जर्मनीत ‘लीशमॅनिया मेक्सिकाना’ या अमेरिका खंडातील जातीवर तोच प्रयोग झाला, आणि तिला तर अंगरखा नसल्याने उंदरांत काहीच अडले नाही. तेव्हा एका जातीचा नियम दुसरीला डोळे मिटून लावता येत नाही. बीज एकाच कुळातले असले तरी ज्वारी आणि मक्याची मशागत आपण एकसारखी करत नाही, तसेच हे.

२००४ साली मात्र एक आशादायक गोष्ट दिसली. स्फुरदयुक्त सर्वच साखरा बनवण्याची शक्ती गमावलेले परजीवी उंदरांना टोचले, तेव्हा ते रोग न आणता शरीरात टिकून राहिले आणि पुढे खऱ्या परजीवीपासून उंदरांचे रक्षण झाले. लसीच्या वाटेवरचे हे एक पाऊल आहे. तथापि माणसांसाठी काळ्या आजाराची लस अजून उपलब्ध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

साखरेची ही युक्ती एकट्या लीशमॅनियाची नव्हे. आमांश आणणारा अमिबा उलट बाजूने हाच खेळ खेळतो: गॅलॅक्टोज धरणारे प्रथिन त्याच्या अंगावर असते, आणि साखर असते आपल्या आतड्याच्या पेशींवर. घोडे, उंट व म्हशी यांना होणारा सर्रा हा रोग गोपालकांना ठाऊक असेल. त्याचा परजीवी साखर जोडलेल्या प्रथिनांचा दाट अंगरखा घालतो आणि शरीराने तो ओळखला की नवा चढवतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, त्याचे कारण हेच.

आज स्थिती काय आहे

भारतात १९९२ साली काळ्या आजाराचे ७७,१०२ रोगी नोंदले गेले आणि १,४१९ मृत्यू झाले. आज ही संख्या वर्षाला एक हजाराच्या आत आली आहे. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश या चार राज्यांतील ६३३ बाधित गटांनी २०२३ सालापर्यंत दहा हजार वस्तीमागे एकाहून कमी रोगी हे उद्दिष्ट गाठले. हे यश फवारणी, चटकन होणारी रक्ततपासणी आणि चांगले औषध यांचे आहे.

आजचे मुख्य औषध म्हणजे चरबीच्या सूक्ष्म थेंबांत घातलेले अँफोटेरिसिन. बाधित राज्यांतील सरकारी रुग्णालयांत ते शिरेतून एकाच दिवशी, विनामूल्य देतात. ते साखरेच्या कवचाशी झगडत बसत नाही. परजीवीच्या पडद्यातील एका विशिष्ट चरबीला धरून पडद्यालाच भोके पाडते.

परंतु रोगी थोडे उरले म्हणजे धोका संपला असे नाही. बऱ्या झालेल्या काही लोकांच्या अंगावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे व गाठी उठतात. ते दुखत नाहीत, ताप नसतो, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. कधी कधी त्यांना कुष्ठरोग समजून त्या माणसाला दूर लोटले जाते. त्या चट्ट्यांत परजीवी असतात आणि वाळूमाशी तेथून ते उचलू शकते. अशा माणसाला दूर सारणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यामुळे तो उपचारापासून लांब राहतो आणि रोग जिवंत राहतो.

आपण काय करावे

१. बाधित राज्यांतून आलेल्या कुणालाही दोन आठवड्यांहून अधिक ताप असेल आणि हिवतापाच्या औषधाने तो उतरत नसेल, तर त्याला सरकारी रुग्णालयात न्यावे. तो कोठून आला हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि काळ्या आजाराची तपासणी करता येईल काय असे विचारावे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर ही तपासणी थोड्या वेळात होते.

२. पूर्वी काळा आजार झालेल्या माणसाच्या अंगावर चट्टे दिसले तर त्याला धीर देऊन तपासणीस पाठवावे. त्याच्या जवळ बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने रोग लागत नाही.

३. वाळूमाशी डासाप्रमाणे साचलेल्या पाण्यात वाढत नाही. ती ओलसर मातीत, शेणाच्या व पाल्याच्या कचऱ्यात, भिंतींच्या भेगांत वाढते. म्हणून गोठा कोरडा व झाडलेला ठेवावा, शेणाचा ढीग घरापासून दूर असावा, भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात. ही माशी उंच उडत नाही. फवारणी करणारे लोक आले तर भिंतीच्या जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच्या भागावर औषध नीट मारू द्यावे आणि त्यावर लगेच सारवण करू नये.

४. रात्री अंगभर कपडे व बारीक छिद्रांची मच्छरदाणी वापरावी. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आत येऊ शकते.

ही स्वच्छता आपल्या घरासाठीही तितकीच उपयोगाची आहे. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेल्या विषाणूचा मेंदूज्वर मुलांना वाळूमाशीमार्फतच होतो. २००३ साली त्याने महाराष्ट्रात व त्या वेळच्या आंध्र प्रदेशात, आणि २०२४ साली गुजरातेत बालकांचे बळी घेतले. त्यात मूल काही तासांत अत्यवस्थ होते. तेव्हा पावसाळ्यात लहान मुलास एकाएकी जोराचा ताप येऊन आकडी आली, तर एक घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे.

डोळ्यांना न दिसणारा परजीवी साखरेच्या माळा घालून शरीराच्या रक्षकांना फसवतो. त्याची ही फसवणूक ओळखावयास शास्त्रज्ञांना ऐंशी वर्षे लागली. आपल्या शेजारी तापाने फणफणणारा परका मजूर ओळखावयास आपल्याला एवढा वेळ लागू नये. त्याची चौकशी करावी, त्याचे गाव विचारावे, आणि त्याच्याबरोबर रुग्णालयापर्यंत चालत जावे. त्याचा जीव वाचावयास कित्येकदा एवढे पुरते.